सावळ्या कातडीवरचा लाल रंग



चार्ल्स डार्विनने १८६७ साली एक प्रश्नावली तयार केली आणि ती जगभर धाडली. माणूस घाबरतो, चिडतो, लाजतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आणि अंगावर नेमकं काय होतं, ते बघून कळवा, अशी त्याची विनंती होती. त्यातला लाजेबद्दलचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कातडीच्या रंगावर दिसू शकत असेल तिथे लाली चढते का, आणि चढली तर ती अंगावर कुठवर खाली उतरते, हे त्याला हवं होतं. कळवणाऱ्यांमध्ये आपल्या अहमदनगरचे एर्स्किन नावाचे एक साहेबही होते. भावनांच्या आविष्कारावरचं डार्विनचं पुस्तक १८७२ साली निघालं, त्याच्या सुरुवातीलाच त्यांचा उल्लेख येतो. एर्स्किनसाहेबांची अडचण अशी झाली की इथली माणसं युरोपियनांसमोर मनातलं काही दिसूच देत नसत, त्यामुळे खात्रीने सांगणं त्यांना जड गेलं.

मी सोलापुरात आयुष्यभर कातडीच्या रोगांची डॉक्टरकी केली. एर्स्किनसाहेबांची ही अडचण मला रोज भेटत आली आहे. सावळ्या कातडीवर लाल रंग उठून दिसत नाही, आणि ज्याला तो झाला आहे तो माणूस डॉक्टरांसमोर अर्धंच सांगतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पेशंटचं दुखणं कागदावर उतरतच नाही. आज मला बोलायचं आहे ते अशा दुखण्याबद्दल. चेहऱ्याच्या पलीकडे, म्हणजे पायांवर, तळव्यांवर, मांड्यांवर, छातीवर मधूनमधून चढणारा लालपणा, त्यासोबतची आग, आणि सगळ्या तपासण्या होऊनही न सापडणारं कारण.

डार्विनला मिळालेली उत्तरं बहुतेक एकाच दिशेची होती. लाजेची लाली चेहरा, कान आणि मान इथवर राहते, गळ्याच्या हाडांखाली क्वचितच जाते. आपल्या पुस्तकात त्याने डॉ. बर्जेस यांचं एक निरीक्षण दिलं आहे. लाजेवर बर्जेस यांचं स्वतंत्र पुस्तक १८३९ सालचं आहे. एका कृष्णवर्णीय बाईच्या चेहऱ्यावर जखमेचा व्रण होता. तिच्याशी कुणी अचानक बोललं की तेवढा व्रण लाल व्हायचा. बाकीच्या चेहऱ्यावर काहीच कळायचं नाही. व्रणावर काळा रंगकण नव्हता, म्हणून आतलं रक्त दिसलं. उरलेल्या चेहऱ्यातही रक्त तेवढंच धावत होतं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची ही नोंद प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

कातडीला रक्त लागतं ते फक्त तिच्या पोषणापुरतं नव्हे. अंगातली उष्णता बाहेर टाकणं हे तिचं मोठं काम आहे. आपण निवांत बसलेले असताना साऱ्या कातडीतून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. भर उन्हात, अंग तापलेलं असताना हाच आकडा सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. तळहात, तळपाय, कान, नाक, ओठ इथे तर धमनीतून थेट शिरेत रक्त सोडणाऱ्या आडवाटा असतात. त्या उघडल्या की काही क्षणांत तो भाग गरम आणि लाल होतो. या वाटा उघडायच्या केव्हा आणि मिटायच्या केव्हा, हे मज्जातंतू ठरवतात. म्हणजे लालपणा हे एका मोठ्या व्यवस्थेचं दिसणारं टोक आहे. बिघाड मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रात असेल, बारीक मज्जातंतूंत असेल, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असेल, रक्तातल्या पेशींत असेल किंवा सकाळी घेतलेल्या गोळीत असेल, बाहेरून चित्र एकच: लाल, गरम, आग. कारण शोधायला वेळ लागतो तो यामुळे.

आता एक बाई मी तुमच्यासमोर उभी करते. नाव सांगणार नाही. ज्यावरून ती ओळखू येईल असे तपशीलही बदलले आहेत. तिचा धंदा मात्र तोच ठेवला आहे, कारण दुखणं त्यातच गुंतलेलं आहे. ती भाकरी करून विकायची. सोलापूरची कडक भाकरी तुम्हाला ठाऊक आहे, पापडासारखी पातळ आणि महिनाभर टिकणारी. ती करायला दिवसाचे कितीतरी तास चुलीपुढे बसावं लागतं. तिच्या पायांची आग व्हायची. दोन्ही पाय, घोट्यापासून खाली. दुपारी सुरू व्हायची, संध्याकाळी वाढायची, रात्री पांघरूण पायावर आलं की टोकाला जायची. घरातल्या मोठ्यांनी उष्णता झाली म्हणून सब्जा दिला, काशाच्या वाटीला तूप लावून तळपाय घासले. घासताना बरं वाटायचं, कारण काशाची वाटी गार असते. मग पुन्हा तेच. तिने स्वतःच आपला उपाय शोधून काढला होता. रात्री खाटेवरून उतरून ती स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर निजायची आणि पाय भिंतीला उंच टेकवून ठेवायची. फरशीचा एक चौकोन तापला की पुढच्या चौकोनावर सरकायची. एका रात्रीत सारं स्वयंपाकघर फिरून व्हायचं, असं ती म्हणाली.

माझ्याकडे येण्याआधी तिचे पाय बऱ्याच जणांनी पाहिले होते. पाहिले सकाळच्या ओपीडीत, पंख्याखाली, तासभर बाकावर बसून पाय निवलेले असताना. सकाळी तिचे पाय कुणाच्याही पायांसारखे दिसायचे. केसपेपरवर कुणी ‘मानसिक’ लिहिलं होतं, कुणी ‘अशक्तपणा’. साखर झाली, बी-१२ झालं, थायरॉइड झालं, सगळं ठीक. नवरा दारात उभा राहून म्हणाला, “बाई, हिला काय झालं नाही म्हणतात सगळे, तुम्हीच सांगा हिला.” बाईने मान खाली घातली. ती गप्प बसली ती एर्स्किनसाहेबांसमोर आपले लोक गप्प बसायचे तशीच, मला वाटतं.

तिला मी दुपारी बोलावलं आणि दवाखान्याच्या जिन्यावरून चार वेळा वरखाली करायला लावलं. मग गरम पाण्याच्या पातेल्यात पाय ठेवले. थोड्याच वेळात पाय जरा गडद दिसू लागले, मातकट, जांभळट. लाल म्हणावं असं काही नाही. पण हाताची पाठ लावली आणि फरक कळला. आमचे शिक्षक आम्हा शिकाऊ पोरापोरींना सांगायचे की तळहातापेक्षा हाताच्या पाठीला ऊन-गार अधिक कळतं. त्या दिवशी तिचे पाय हाताला चटकन गरम लागले, आणि पोटऱ्या नेहमीसारख्या. पातेल्यातलं पाणी तर कधीच निवलं होतं. नवऱ्याला मी जवळ बोलावून त्याचा हात तिच्या पायावर ठेवायला लावला. त्याने हात काढून घेतला आणि बायकोकडे बघितलं. माझ्या लेखी उपचार त्या घटकेला सुरू झाले.

कोविडनंतर आता प्रत्येक दवाखान्यात कपाळावर रोखायचं तापमापक यंत्र पडलेलं असतं. त्याचा आकडा अगदी तंतोतंत नसला तरी चालतो. त्याने पायाचं आणि मांडीचं तापमान बघा, झटका नसताना एकदा आणि झटका आला असताना एकदा. चार आकडे लिहिले की सावळ्या कातडीवर न दिसणारा लालपणा कागदावर येतो. दुसरी गोष्ट काचेचा पेला. रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आलेली लाली पारदर्शक पेल्याने दाबली की फिकी पडते. रक्त वाहिनीबाहेर झिरपलेलं असेल तर डाग तसाच राहतो. असा न हटणारा डाग आणि ताप एकत्र असेल तर रात्री-अपरात्री कधीही तडक इस्पितळ गाठायचं, घरी बसायचं नाही. तिसरी गोष्ट मोबाइल. फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. हल्लीचे फोन आपणहून कातडी उजळ आणि एकसारखी करून टाकतात, ती सोय आधी बंद करा, नाहीतर दाखवायचं तेच पुसलं जाईल. लाल झालेल्या भागाशेजारी न झालेला भाग एकाच फोटोत यायला हवा. लंडनमधल्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा मॅलोन मुक्वेंडे हा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुस्तकांतले सगळे फोटो गोऱ्या कातडीवरचे बघून अस्वस्थ झाला. २०२० साली त्याने आपल्या शिक्षकांबरोबर गडद कातडीवर रोगलक्षणं कशी दिसतात याची पुस्तिका काढली. पाठ्यपुस्तकात ‘लाल’ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात ते तपकिरी, जांभळं, राखाडी दिसतं. हे शिकवायला एका विद्यार्थ्याला पुढे यावं लागलं, याचं मला वाईट वाटतं आणि त्याचं कौतुकही वाटतं.

भाकरीवाल्या बाईंच्या दुखण्याचं चित्र ज्याच्याशी जुळत होतं, त्या रोगाला एरिथ्रोमेलाल्जिया म्हणतात. हे नाव दिलं फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल यांनी, १८७८ साली. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंवर काम करत होते. गोळी लागून नस दुखावलेल्या माणसाच्या हाताची भयंकर आग होते, तोडलेला पाय नसतानाही दुखतो, हे पेशंटचं म्हणणं त्यांनी खरं धरलं आणि लिहून ठेवलं. पुढे त्यांच्याकडे पाय लाल होऊन आग होणारे पेशंट आले. पाय खाली सोडले, चालणं झालं, ऊब लागली की वाढतं. वर घेतले, गारव्यात ठेवले की उतरतं. शहाबादी फरशीवर पाय भिंतीला टेकवून निजणाऱ्या बाईने हीच माहिती स्वतःच्या अंगावरून मिळवली होती.

मिचेल यांच्याबद्दल मी भक्तिभावाने बोलू शकत नाही, आणि त्याचं कारणही सांगायला हवं. थकलेल्या, उदास स्त्रियांसाठी याच मिचेल यांनी विश्रांतीचा उपचार काढला होता. बाईला अंथरुणाला खिळवायचं, खायला घालायचं, लिहायला-वाचायला बंदी, माणसांत मिसळायला बंदी. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी तो सोसला आणि १८९२ साली त्यावरून ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा छापली. तळपायाच्या आगीबद्दल पेशंटचा शब्द प्रमाण मानणारा हाच माणूस, बाई आपल्या मनाबद्दल बोलू लागली की ऐकायचा थांबत असे. एकाच डॉक्टरच्या हातून दोन्ही घडतं. म्हणून ऐकणं हे डॉक्टरच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. ते तपासणीच्या पद्धतीतच बसवायला हवं, रक्तदाब मोजणं बसवलं आहे तसं.

मिचेल यांच्यानंतर सव्वाशे वर्षं या आजाराचं मूळ कळलं नव्हतं. या काळात किती लोकांना त्यांचं दुखणं मनाचं आहे असं ऐकवलं गेलं असेल, याची मोजदाद कुणाकडे नाही. २००४ साली बीजिंगच्या त्वचारोगतज्ज्ञांनी, पिढ्यान्पिढ्या हा आजार असलेल्या एका घराण्यात एससीएन-९-ए नावाच्या जनुकात बदल सापडल्याचं प्रसिद्ध केलं. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंत सोडियम आत घेणारं एक सूक्ष्म द्वार असतं, ते बनवायची कृती या जनुकात असते. बदल झालेलं द्वार अगदी हलक्या चेतावणीनेही उघडतं आणि लवकर मिटत नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या स्टीफन वॅक्समन आणि सहकाऱ्यांनी ते कसं घडतं हे प्रयोगाने दाखवलं. जी ऊब तुम्हाआम्हाला सुखद वाटते, ती या माणसांच्या मज्जातंतूंना चटका म्हणून कळते. त्यात कल्पनेचा अंशही नाही.

दोनच वर्षांनी, २००६ साली, याच जनुकाची दुसरी बाजू पुढे आली. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत अशी मुलं होती ज्यांना वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्यात हे द्वार काम करतच नव्हतं. ज्या मुलामुळे संशोधकांना हे सगळं कळलं, तो रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून, दंडातून सुऱ्या आरपार घालून लोकांना खेळ दाखवायचा. चौदाव्या वाढदिवसाच्या सुमाराला घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. आग नको म्हणून रडणारी माझी पेशंट आणि निखारे पायाला न कळणारा तो पोरगा, दोघांची गोष्ट एकाच जनुकाच्या दोन टोकांना सापडते. हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

अर्थात पाय पेटलेला प्रत्येक माणूस या जनुकाचा धनी नसतो. आपल्याकडे आधी बघायचं ते साखरेच्या आजाराने दुखावलेल्या बारीक मज्जातंतूंकडे, मग बी-१२च्या कमतरतेकडे. पूर्वी कुपोषणातही हे दिसायचं. डॉ. सी. गोपालन यांनी १९४०च्या दशकात दक्षिण भारतातल्या गरीब रुग्णांच्या जळत्या पायांवर काम केलं होतं आणि ब गटातल्या पँटोथेनिक आम्लाने उतार पडतो असं दाखवलं होतं. त्याच दशकात जपान्यांच्या छावण्यांमधले युद्धकैदी रात्ररात्र पाय गार पाण्यात घालून बसत. पोटाला अन्न कमी पडल्याची ती आग होती.

अंगभर चढणाऱ्या लालीची काही कारणं तर घरातच सापडतात. कोकणात आणि गोव्यात हे मी मुद्दाम सांगते. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे पकडल्यावर बर्फात नीट राहिले नाहीत, तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. मासा शिजवला, तळला तरी ते जात नाही. जेवण झाल्यावर तासाभराच्या आत चेहरा, मान, छाती लाल होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, काही तासांत उतरतं. माणूस समजतो की आपल्याला माशाची अॅलर्जी आहे, आणि जन्मभर ताटातला मासा सोडतो. दोष असतो तो त्या एका दिवशीच्या माशाचा. ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळीनेही काहींना अंगात गरम लाट येते, घोटे सुजतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. पाळी जाण्याच्या सुमाराला छातीतून मानेकडे वाफा चढतात, रात्री अंथरूण भिजतं. तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतल्या पेशींचं तंत्र इस्ट्रोजेन घटल्यावर बिघडतं, म्हणून हे होतं. ‘या वयात चालायचंच’ म्हणून तो विषय मिटवू नये. आता त्यावर बऱ्यापैकी औषधं आहेत.

एका कारणावर मी थोडी थांबणार आहे, कारण ते आपण आपल्या हाताने घडवतो. नायटा झाला की मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणायची. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत जोरकस स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती जांघेत, मांड्यांवर महिनोन्‌महिने चोळली जाते. मग कातडी पातळ होते, आणि ट्यूब बंद केली की लालभडक होऊन पेटते. ती आग सहन होत नाही म्हणून पुन्हा ट्यूब. मानेवर, छातीवर गोरेपणासाठी लावलेल्या मलमांचंही तेच. केंद्र सरकारने २०१८ साली अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. तरीही काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की आजही ती मिळते. जांघेतल्या आगीबद्दल पुरुष बायकोलाही सांगत नाहीत, डॉक्टरला तर शेवटी सांगतात. अशा पेशंटने वापरलेली ट्यूब, रिकामी असली तरी, घेऊन यावं. आणताना संकोच करू नये.

जुने चट्टे अचानक लाल, गरम, सुजलेले झाले आणि हातापायाला मुंग्या किंवा कमजोरी आली, तर कुष्ठरोगातली प्रतिक्रिया असू शकते. तिथे दिवस मोजायचे असतात, नाहीतर नस कायमची जाते. लालीबरोबर वारंवार जुलाब, किंवा लालीबरोबर चक्कर येऊन पडणं, हेही टाळू नये. ही दुखणी विरळ आहेत, पण लघवीच्या आणि रक्ताच्या ठरावीक तपासण्यांनी ती पकडता येतात.

एवढं सगळं बघून झाल्यावरही काही पेशंट उरतात. भाकरीवाल्या बाई त्यांतल्याच. तिची जनुकतपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. हा आजार असलेल्या पुष्कळ लोकांत ते जनुक नीटच असतं. म्हणजे रोगाचं नाव मिळालं, कारण मिळालं नाही. त्या अवस्थेत माणसाने कसं राहायचं, यावर आमच्या पुस्तकांत फार थोडं लिहिलेलं आहे. जे मला कळलं ते पेशंटांकडूनच.

गार पाण्याची बादली हा पहिला मोह. बर्फ त्याहून मोठा. तासन्‌तास पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी फुटते, जखमा होतात, आणि पाय बाहेर काढला की आग दुप्पट होऊन परत येते. बर्फाने कातडी मरते. म्हणून पंखा, ओलं सुती फडकं आणि पाय उंचावर, एवढ्यावरच भागवायचं. एसटीत ड्रायव्हरच्या मागची, इंजिनाजवळची सीट टाळायची. नायलॉनचे मोजे आणि रेक्झिनचे बंद बूट घरातून काढून टाकायचे. शाळकरी मुलाला हा त्रास असेल तर हेडमास्तरांना चिठ्ठी लिहून सँडल घालायची परवानगी घ्यायची. अशा चिठ्ठ्या मी आनंदाने लिहिल्या. त्या बाईने धंदा सोडला नाही. तिने चुलीपुढची वेळ पहाटेवर आणली. जाऊ तव्याशी बसायची आणि ही पाठीमागे बसून पीठ मळायची, भाकरी थापायची. उन्हाळ्यात काम निम्म्यावर यायचं, थंडीत ती ते भरून काढायची. औषधांपैकी हृदयाच्या ठोक्यांवर देतात त्या मेक्सिलेटिनने काहींना बरं वाटतं, काहींना मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी. तिला अशाच एका गोळीने रात्रीची झोप मिळाली. आग पूर्ण गेली नाही.

झोपेबद्दल आणखी एक सांगते. वर्षानुवर्षं नीट न झोपलेला माणूस खचतो. त्याला उदासी येते, घरात चिडचिड होते, कधी जीव नकोसा वाटतो. त्यासाठी मनाच्या डॉक्टरांकडे जरूर जावं. त्या आगीने मन खचलं आहे, मनाने आग लावलेली नाही, हा क्रम डॉक्टरांनी आणि घरच्यांनी कायम लक्षात ठेवावा. ‘तुझं हे नेहमीचंच’ या एका वाक्याने माणूस सांगणं बंद करतो. सांगणं बंद झालं की नवं लक्षण आलं तरी कुणाला कळत नाही.

आता माझ्या तरुण डॉक्टरमित्रांसाठी. कारण सापडलं नाही तर केसपेपरवर तसंच लिहा: अमुक भागात, अमुक वेळी, इतका वेळ लालपणा आणि आग, झटक्याच्या वेळी तापमान इतकं, नसताना इतकं, अमुक तपासण्या झाल्या, कारण अद्याप सापडलेलं नाही. आणि खाली पुढची तारीख घाला. या तारखेमागे वैद्यकीय कारण आहे. एरिथ्रोमेलाल्जिया काही लोकांत रक्ताच्या एका विकाराची पहिली खूण असते. त्या विकारात अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी बनवत राहते. पायांची आग आधी सुरू होते आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडायला त्यानंतर काही वर्षंही लागू शकतात. माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर यायचे. पहिल्या खेपेला त्यांच्या प्लेटलेट तीन लाखांच्या आसपास होत्या, दीड ते साडेचार लाख हे नेहमीचं प्रमाण. त्यांना दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. ते कंटाळले, तरी येत राहिले. पुढे एका खेपेला आकडा सात लाखांवर गेला. २००५ साली शोध लागलेला जेएके-२ जनुकातला बदल त्यांच्यात निघाला. या जातीच्या आगीवर अॅस्पिरिनची लहान गोळी लागू पडते. त्यांनाही ती लागू पडली, चार दिवसांत. त्याहून मोठं काम असं झालं की मेंदूत किंवा हृदयात गुठळी होण्याचा जो धोका या विकारात असतो, तो वेळीच ओळखता आला.

अॅस्पिरिन मात्र ज्याच्या पायाची आग होते त्याने उठून घेऊ नये. पोटात व्रण असेल, दुसरी गोळी चालू असेल, प्लेटलेट फारच वाढलेल्या असतील, तर ती रक्तस्राव घडवते. आधी रिपोर्ट, मग गोळी. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून तो फाडून टाकू नका. घरातल्या लाइटबिलांच्या फायलीत ठेवा, तारीख वर दिसेल असा. पुढच्या वर्षी नवा काढला की दोन्ही एकत्र डॉक्टरांपुढे ठेवा. एकटा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला पडतो, पण तो अडीच लाखांवरून चार लाखांवर चढला आहे हे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच कळतं.